मामींच्या हातची पूड

दुसऱ्या मजल्याचं वळण आलं आणि मामांचा पाय पायरीवर टेकायचा राहिला. वरून काढ्याचा वास येत होता. सुंठ, मिरी, दालचिनी, आणि त्या सगळ्यांच्या मागून हळूच येणारी ज्येष्ठमधाची गोडसर झाक. असा वास या जिन्यात एकाच घरातून यायचा, आणि ते घर मामांचं होतं.

मामा कठड्याला धरून उभे राहिले. हिवाळ्यातली संध्याकाळ होती. बॉयलरच्या खोलीत घामाने ओला झालेला सदरा वाटेतल्या वाऱ्याने अंगावरच गारठला होता. असं कुडकुडत घरी यायचं आणि दारातच हातात काढ्याचा कप पडायचा, ही त्यांची संसाराइतकी जुनी सवय. ती आता पायांत शिरली. पाय भराभर वर चढायला लागले, आणि जिन्याच्या त्या अंधाऱ्या तुकड्यापुरतं, मामी गेल्या आहेत हे मामा विसरून गेले. खरोखरच विसरले. दार उघडेल आणि ती म्हणेल, "बूट मागाहून काढा, आधी हा घ्या," एवढंच त्यांच्या मनात होतं.

दार सुनेने उघडलं.

"या बाबा. बूट काढून बसा निवांत, मी आणतेच," ती म्हणाली. वाफेने आणि आनंदाने तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

मामांनी बूट काढले नाहीत. ते तसेच स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर पातेलं उकळत होतं. खिडकीच्या काचा वाफेने धुरकटल्या होत्या. आणि नळाजवळ, धुतलेल्या बशांच्या शेजारी, निळ्या झाकणाची बरणी पालथी घातलेली होती. झाकण वेगळं, बरणी वेगळी. काठावरून पाणी ठिपकत होतं.

"ही बरणी," मामा म्हणाले.

"रिकामी झाली ना, म्हणून घासून टाकली. तळाला पार चिकटलं होतं हो. ब्रश घालून काढलं तेव्हा कुठे निघालं."

"सगळी घातलीस?"

"वासच उडाला होता तिचा. आधी एक चमचा घातला, काही येईना. मग दुसरा घातला. मग म्हटलं, आता शिळी पूड ठेवून तरी काय करायचं, घातली सगळी. बघा ना आता कसा घमघमाट सुटलाय."

मामांनी ओट्याची कड धरली आणि खिडकीकडे बघितलं. बाहेरचं काही दिसत नव्हतं.

ते कामाला होते त्या रुग्णालयात सगळेच त्यांना मामा म्हणत. मोठे डॉक्टर म्हणत, झाडूवाला म्हणे, शस्त्रक्रियेला निघालेला रोगीसुद्धा कुणीतरी म्हणतंय म्हणून म्हणे. ते नेमके कुणाचे मामा, याचा कुणाला पत्ता नव्हता. मामांना सख्खी, चुलत, मानलेली, कुठलीच बहीण नव्हती. पण तळघरात बॉयलर सांभाळणाऱ्या, कमी बोलणाऱ्या, पांढऱ्या मिशांच्या माणसाला दुसरं काय म्हणणार? आणि ते मामा, म्हणून त्यांची बायको आपोआप मामी. मामींनी ते पद फार लवकर मनावर घेतलं होतं. लाँड्रीतल्या बायकांच्या लेकरांचे वाढदिवस मामांना नव्हे, मामींना पाठ असायचे.

मामांचं काम साधं होतं. वॉर्डातल्या पाइपांना वाफ, नळांना गरम पाणी, लाँड्रीला दोन्ही. सगळं सुरळीत चालू असलं की खाली कुणी माणूस आहे याची कुणाला आठवण राहत नसे, आणि मामांना ते पसंत होतं. कौतुक झालं की त्यांना कानकोंडं व्हायचं.

मामींचा एक ठाम सिद्धांत होता. "तापलेल्या खोलीतून निघून थेट गारठ्यात जाणारा माणूस एक दिवस गरम चहा ओतलेल्या ग्लासासारखा तडकणार," असं त्या म्हणत. त्यावर त्यांचा उपाय काढा. थंडी सुरू झाली की त्या पूड करायला बसत. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. सगळं एकदम कढईत टाकणाऱ्या बायकांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. मिरी लवकर तडतडते, सुंठेला वेळ लागतो, लवंगेवर नजर ठेवावी लागते, आणि ज्येष्ठमध तर नुसता उन्हात तापवायचा, आचेवर नाही. मापबिप काही नव्हतं. तळहात खोलगट करून त्या घ्यायच्या आणि नाकाशी नेऊन ठरवायच्या. कुटायचं काम मामांचं. बॉयलरवर कमावलेला हात, ते एकदा खलबत्त्याला भिडले की थांबायचे नाहीत, आणि मामी वरून म्हणायच्या, "बास झालं, पीठ करायचं नाहीये." या सगळ्या कारभारात मामांना फक्त ते 'बास' ठाऊक होतं. बाकी काय किती घालतात हे विचारायची गरज त्यांना कधी पडली नाही. विचारायचं कशाला, ती होतीच की.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मामींनी अशीच पूड केली आणि थोड्याच दिवसांत छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. रुग्णालयातच ठेवलं. स्त्रियांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या कॉटवर. कॉटच्या उशाशी गरम वाफेचा पाइप जात होता. मामा सकाळी खाली बॉयलर पेटवायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत वर गेले की मामी पाइपावर हात ठेवून म्हणायच्या, "हा तापला की मला कळतं, तुम्ही आलात." पुढे त्यांचा आवाज बसला, तेव्हा त्या नुसत्या पाइपाकडे बोट करायच्या आणि हसायच्या. एका सकाळी पाइप तापला आणि त्यांना ते कळलं नाही. नर्स तळघरात निरोप घेऊन आली तेव्हा मामांच्या हातात झडपेचं चाक होतं. त्यांनी आधी दाब नीट बसवला, मग हात पुसले आणि वर गेले. आधी हात का पुसत बसलो, असं त्यांना पुढे फार दिवस वाटत राहिलं.

मामींच्या बाकीच्या वस्तूंचं मामांना विशेष काही वाटलं नाही. साड्या, शाली, चपला त्यांनी लाँड्रीतल्या अक्काकडून वाटून टाकल्या. चष्मा देऊन टाकला. पण पुडीची बरणी त्यांना कुणाला देता येईना. आणि वापरताही येईना, कारण वापरली की संपणार. मामींनी भाजलं होतं, मामांनी कुटलं होतं, आणि प्यायचं तेवढं राहून गेलं होतं. मग रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ते बरणी काढायचे, झाकण उघडायचे, एकदा वास घ्यायचे आणि घट्ट लावून परत ठेवायचे. तेवढ्याने पुढचा दिवस निघायचा. वर्ष सरत आलं तसा वास विरत गेला. अलीकडे तर येतो तो वास आहे की आपल्यालाच तसं वाटतंय, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तरी बरणी जड लागायची, हलवली की आत पूड सरकायची, आणि एवढंही पुरे होतं.

उन्हाळ्यात मुलाचं लग्न झालं. मुलगा बोटीवर इंजिनखात्यात. त्याने नोंदणी करून लग्न केलं, बायकोला घरी आणलं आणि रजा संपली तसा बोटीवर निघून गेला. मागे राहिली दोन माणसं, सासरा आणि सून. एकमेकांची ओळख करून देणारं माणूसच घरात नाही, अशी त्यांची गत झाली. दोघंही भली, आणि दोघंही भिडस्त. सुनेने विचारायचं, "बाबा, भाजी बरी झालीय ना?" आणि मामांनी म्हणायचं, "बरोबर आहे." एकदा ती भाजीत मीठ घालायलाच विसरली होती. मामा निमूटपणे जेवून उठले. मागाहून ती स्वतः पानावर बसली आणि पहिल्या घासालाच तिला कळलं. त्या दिवशी तिला रडू आलं, पण मिठासाठी नाही. हा माणूस मला कधी काही सांगणारच नाही, आपण या घरात पाहुणेच राहणार, असं तिला वाटलं.

ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसं कुठे बघतात हे बघायचीच तिला सवय. मामा बोलत नाहीत तर आपण त्यांच्याकडे बघून ओळखायचं, असं तिने ठरवलं. आणि बघता बघता तिला बरणी दिसली.

"रोज काढता, वास घेता आणि परत ठेवून देता," ती आता कपात काढा गाळता गाळता सांगत होती. "मी किती दिवस बघतेय. मनात यायचं, यांना काढा प्यावासा वाटतोय पण मला सांगायचा संकोच वाटतोय. आणि वर हा खोकला. शेवटी आज म्हटलं, विचारायचंच नाही. विचारलं की तुम्ही नको म्हणणार. सरळ करूनच ठेवायचा."

तिने कप पुढे केला. तिच्या बोटाला पातेल्याचा चटका बसलेला दिसत होता.

मामांनी कपाकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. नव्या घरात आल्यापासून ही मुलगी आज पहिल्यांदा मोकळेपणाने बोलत होती. तिला सांगायला एकच वाक्य लागलं असतं. ते वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण ते म्हटलं की या लाल झालेल्या चेहऱ्याचं काय होईल, हे त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी कप घेतला आणि उभ्याउभ्याच प्यायला सुरुवात केली.

घशातून जाळ उतरत गेला. पुडीचा वास उडाला होता, मिरीचा जोर मात्र कुठे गेला नव्हता, आणि इतकी पूड एका पातेल्यात मामींनी जन्मात घातली नसती. मामांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या तिखटाने त्यांची अब्रू राखली.

"तिखट झालाय का?"

"नाही. बरोबर आहे," मामा म्हणाले. मग त्यांना वाटलं, एवढ्यावर भागायचं नाही. "छान झालाय."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही पहिल्यांदाच छान म्हणालात, बाबा."

"तू घे ना थोडा."

"छे, मला काय झालंय? खोकला तुम्हाला आहे. अजून दोनेक कप आहे. उद्या तो सगळा थर्मासात भरून देते, कामावर न्या. तुमच्या त्या अक्कांनाही द्या."

मामा खोलीत गेले. बूट अजून पायातच होते. ते पलंगाच्या कडेवर बसून राहिले. स्वयंपाकघरात ती काहीतरी गुणगुणत पातेलं झाकून ठेवत होती. तिच्यावर रागावावं असं मामांच्या मनात येऊन गेलं. पण राग धरायला कुठे जागाच नव्हती. तिने चोरलं नव्हतं, सांडलं नव्हतं, हेळसांड केली नव्हती. तिने त्यांच्यासाठी काढा केला होता, आणि मामींनी पूड केली होती तीही त्यासाठीच. हे सगळं त्यांना कळत होतं. तरीही ती घासलेली बरणी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी थर्मास बॉयलरच्या खोलीत आला.

मामांनी तो उघडला नाही. कुठला पाइप किती तापतो हे त्यांच्या हाताला पाठ होतं. वाफेचा पाइप फार कडक. लाँड्रीचा मधूनच गार पडणारा. बॉयलरकडे परत येणाऱ्या पाण्याचा पाइप मात्र दिवसभर एकसारखा गरम असायचा. त्याच्यावरच्या फळीवर त्यांनी थर्मास ठेवला, भोवती गोणपाट गुंडाळलं, आणि वरून आपला मफलर. मग कामाला लागले. दाबाचा काटा बघायचा, पाणी बघायचं, आणि मधूनच जाऊन गोणपाटावर हात ठेवायचा. गरम आहे. अजून गरम आहे. पुन्हा काट्याकडे यायचं.

दुपारी लाँड्रीतली अक्का चादरींची गाठोडी घेऊन खाली आली. अक्का आणि मामा या रुग्णालयात बरोबरच म्हातारे झाले होते. तिला मामांशी बोलायला प्रस्तावना लागत नसे.

"मफलर काढून पाइपाला का घातलाय? पाइपाला सर्दी झाली का?"

"थर्मास आहे."

"सुनेने दिला? बघू काय दिलंय. आमची सून पाणीसुद्धा देत नाही."

मामांनी गोणपाट सोडलं आणि झाकण उघडलं. खोलीत तेलाचा, गरम लोखंडाचा वास भरलेला होता, पण अक्काचं नाक लगेच फिरलं. ती गाठोड्यावर बसली.

"मामींचा आहे," ती म्हणाली.

"तिच्याच पुडीचा. होती नव्हती ती सगळी काल सुनेने घातली. तिला काय ठाऊक."

"सांगितलंत तिला?"

"नाही. आणि तूही बोलू नकोस. पोर उगाच कष्टी होईल."

"आणि तुम्ही?"

मामांनी झाकणात काढा ओतला आणि तिच्यापुढे धरला. मामी असताना थर्मासातला पहिला घोट अक्काचाच असायचा. अक्काने हात आधी पदराला पुसले. मग डोळे मिटून हळूहळू प्यायली.

"मिरी फार आहे. मामींनी कान उपटले असते कुणाचे तरी," ती म्हणाली. तिने रिकामं झाकण परत दिलं. "उरलेला पिऊन टाका, मामा."

"असू दे. एक कप आहे अजून."

"ठेवून किती ठेवाल? उद्यापर्यंत आंबेल तो."

"गरम राहील तोवर राहील," मामा म्हणाले, आणि झाकण लावून पुन्हा गोणपाट गुंडाळायला लागले. अक्काने खूप काही बोलायचं मनात आणलं होतं. पण मामा ज्या काळजीने गोणपाटाची टोकं खोचत होते ते बघून ती उठली. मग गाठोडी तिथेच टाकून निघून गेली.

दिवस कलायला आला. मामा काट्यासमोर उभे असताना वरचं लोखंडी दार वाजलं. जिन्यावर पावलं वाजली. ती अडखळत, चाचपडत उतरत होती. या जिन्याची सवय नसलेल्या माणसाची ती पावलं होती. मामांनी वर बघितलं. सून होती. दुकानातला निळा झगा अंगावर तसाच होता, काचा पुसायचं फडकं हातात होतं, आणि एवढ्या थंडीत अंगात स्वेटर नव्हता.

"काय झालं? बोटीवरून काही कळलं का?" मामा घाबरून पुढे झाले.

"त्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "दुकानात. मी म्हटलं, बाबांना काढा करून दिला, बाबा छान म्हणाले. ते म्हणाले, कसला काढा, पूड कुठली. मी म्हटलं, ती निळ्या झाकणाच्या बरणीतली. तर बोलेचनात. मला वाटलं, फोन कट झाला." ती थांबली. "मग म्हणाले, ती आईने केलेली होती."

दाबाच्या, पाण्याच्या, वाफेच्या सगळ्या अडचणींवर मामांकडे तोडगा होता. समोर रडणाऱ्या मुलीवर नव्हता. त्यांनी स्टूल ओढून गरम पाइपाजवळ ठेवलं आणि तिला त्यावर बसवलं.

"मी ती घासली, बाबा. ब्रश घालून घासली."

"तुला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही सांगितलं का नाहीत? मी समोर उभी होते. मी कप दिला आणि तुम्ही प्यायलात. मला ओरडायचं तरी."

"ओरडायचं खातं तिच्याकडे होतं. मला जमत नाही."

सून हसली नाही. तिने फडक्याने डोळे पुसले आणि मामांकडे सरळ बघितलं. "मला खरं सांगा. तुम्ही मला कधीच खरं सांगत नाही. तुम्हाला काय वाटलं काल?"

मामांच्या तोंडात 'काही नाही' तयारच होतं. पण ही पोर थंडीत धावत आली होती, तिचे ओठ निळे पडले होते, आणि तिला 'काही नाही' सांगणं म्हणजे तिला परत वरच्या दारापर्यंत नेऊन सोडण्यासारखं होतं. मामा बराच वेळ हातातला पाना या हातातून त्या हातात घेत राहिले.

"वाईट वाटलं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. बरणी पालथी बघितली आणि पायांतला जीवच गेला. जिन्यात वास आला तेव्हा मला वाटलं होतं, ती आहे घरात. मग दार तू उघडलंस. तुझा काय दोष त्यात? पण तेव्हा तुझं तोंड बघवेना मला. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एवढी एकच गोष्ट ठेवली होती मी तिची."

एवढं लांब बोलायची त्यांना सवय नव्हती. बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले. सून मान खाली घालून ऐकत होती. तिचं रडणं थांबलं होतं. दुखलं तर तिलाही होतंच, पण आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी घरातल्या माणसासारखं बोललं होतं.

मामा फळीपाशी गेले. मफलर काढला, गोणपाट सोडलं. स्वतःचा चहाचा कप नळाखाली विसळला, आपल्या सदऱ्याला पुसला आणि थर्मास त्यात ओतला. कप पुरता भरला नाही. त्यांनी थर्मास उलटा धरला. धार तुटली, थेंब पडायला लागले, मग थेंबही थांबले. तरी त्यांनी तो तसाच उलटा धरून ठेवला. आणखी एक थेंब सावकाश पडला, तेव्हा कुठे त्यांनी थर्मास खाली ठेवला.

"घे."

"नको, बाबा. हा शेवटचा आहे. तुम्ही घ्या. नाहीतर ठेवा."

"ठेवला तर आंबेल. आंबलेलं तिला चालायचं नाही. तू काल घेतलाच नाहीस ना?"

"तुमच्यासाठी केला होता."

"तिच्या हातचं तू कधीच काही खाल्लं नाहीस," मामा म्हणाले. "आता हे एवढंच आहे. गरम आहे, फुंकून पी."

तिने कप घेतला. पहिल्याच घोटाला तिला ठसका लागला, मिरी थेट टाळ्याला भिडली. मामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ठसका जाईपर्यंत ठेवला. तिने पुन्हा कप तोंडाला लावला. बॉयलर आपल्या सुरात घुमत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिची चाकं छतावरून खडखडत गेली.

"असाच लागायचा त्यांचा?" तिने विचारलं.

"नाही गं," मामा म्हणाले. "तिचा असा नव्हता."

तो कसा होता हे ते सांगणार होते. तोंड उघडलंही. पण वर्षभर, वॉर्डातल्या त्या कॉटपाशीसुद्धा जे आलं नव्हतं, ते रडू त्यांना आलं. ते पाइपाकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. सून उठली नाही. तिने एका हाताने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, दुसऱ्या हाताने कप हलवून तळाशी बसलेली पूड वर आणली, आणि ती पुडीसकट सगळा काढा प्यायली.